शुक्रवारचे हिरवे मासे

गरम पाण्याची टाकी मॅरिबेथ हॉगनने अडवून ठेवली होती, म्हणून त्या शुक्रवारी वेंडेल प्रुइटने नुसता वेळ घालवायला आपली बशी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. तिथून पुढचे सगळे रामायण घडले.

बशीत माशांची अंडी होती. मोहरीच्या दाण्याएवढी, काचेसारखी स्वच्छ; आत एका दिवसाची पिल्ले, शेपटी नुकती वळवळायला लागलेली. आदल्या सकाळी वेंडेलने त्यांच्यात जेलीफिशचे एक जनुक घातले होते. ते जागे झाले की पिल्लू सूक्ष्मदर्शकाच्या निळ्या दिव्याखाली हिरवे चमकते. मात्र हे जनुक मोठे झोपाळू होते. त्याच्यापुढे मुद्दाम एक कळ जोडलेली होती आणि पाणी चांगले ऊन झाल्याशिवाय ती कळ उघडत नसे. म्हणून आधी पिल्लांना टाकीत तासभर शेकायचे आणि मग ती चमकतात का ते पाहायचे, असा शिरस्ता. वेंडेलची पिल्ले अजून शेकलीच नव्हती. तरी बशीत कोथिंबीर चिरून पसरावी तशी ती हिरवीगार दिसत होती.

“मॅरिबेथ, जरा ये इकडे.”

“टाकी मिळणार नाही. माझं अजून व्हायचंय.”

“टाकी घाल चुलीत. हे बघ आधी.”

मॅरिबेथने पाहिले. डोळे चोळले. पुन्हा पाहिले. “तू ही आधीच शेकलीयस.”

“नाही गं.”

“मग शेकलीस आणि विसरलास.”

“टाकी सकाळपासून तुझ्याच ताब्यात आहे! मी शेकणार कुठे, खिशात?”

मॅरिबेथने तिसऱ्यांदा पाहिले.

मिनेसोटातल्या आमच्या विद्यापीठात प्रोफेसर आर्ने टॉलेफ्सरुड यांची ही प्रयोगशाळा. त्या वर्षीची थंडी अशी होती, की आता सांगितले तर नातवंडांना पटत नाही. पापण्यांवर बर्फ धरायचा. पण माशांची खोली रात्रंदिवस ऊबदार ठेवलेली असे, कारण हे पट्ट्यापट्ट्यांचे चिमुकले मासे मूळचे गंगेकाठचे. विभागातले निम्मे लोक काहीतरी निमित्त काढून तिथे हात शेकायला येत. खोलीत माशांच्या खाद्याचा असा दर्प कोंडलेला असे, की बाकी कसला वास म्हणून तिथे येत नसे.

त्या खोलीत समोरासमोर दोन टेबले होती. एक मॅरिबेथचे. ती केसाहून बारीक काचेच्या सुईने एकेका अंड्यात जनुक टोचायची. तिचा हात इतका हलका होता, की अंड्याला कळतही नसे. दुसरे टेबल वेंडेलचे. तो दक्षिणेकडच्या उबदार टेनेसीहून आलेला, मऊ बोलणारा, वयाने मोठ्या प्रत्येक बाईला ‘बाई’ म्हणणारा. त्याच्याकडे एक यंत्र होते. अंडी आणि जनुक एकत्र पाण्यात ठेवायचे, विजेचा बारीकसा झटका द्यायचा, की बशीभर अंड्यांत जनुक एका दमात आत. सुई चांगली की वीज, यावर त्या खोलीत वर्षभर रोज वाद चाले.

वेंडेलला तो वाद जिंकणे भाग होते. त्याची नेमणूक जूनपर्यंतच होती, आणि प्रोफेसरांनी त्याला सरळच सांगितले होते, “सुईनं जे होतं तेच विजेनं होणार असेल, तर मला दोन माणसं कशाला?” घरी त्याच्या बायकोने, शार्लीनने, नुकतेच खरेखुरे बर्फाचे बूट आणले होते. टेनेसीच्या मुलीने तसले बूट घेणे म्हणजे त्या भूमीत पाय रोवणेच. तिला आता ‘चल परत’ कसे म्हणायचे, हा वेंडेलचा खरा प्रश्न.

आणि आता हे हिरवे घबाड समोर आले. तो धावतच प्रोफेसरांकडे गेला.

“सर, वीज नुसतं जनुक आत नेत नाही. ती त्याला जागंही करते! कसं आत घातलं यावर ते कसं वागणार हे ठरतं. सुईवाली पिल्लं ढिम्म, माझी हिरवी.”

प्रोफेसरांनी स्वतः येऊन पाहिले. बराच वेळ पाहिले. मग म्हणाले, “वाईट नाही.”

त्यांच्या तोंडून यापेक्षा मोठी स्तुती कुणी ऐकलेली नव्हती. लग्नाच्या दिवशी बायकोकडे, सोल्वेगकडे, बघूनही ते एवढेच म्हणाले होते, असे ऐकिवात आहे.

वेंडेलने सोमवारी पुन्हा अंडी घेतली, झटका दिला, मंगळवारी न शेकताच पाहिली. काही नाही. बुधवारची गुरुवारी पाहिली. काही नाही. गुरुवारची शुक्रवारी पाहिली, तर पुन्हा सगळी हिरवीगार.

पुढच्या आठवड्यातही तसेच. त्याच्या पुढच्याही.

“मंगळवारी झोपतात आणि शुक्रवारी उठतात,” मॅरिबेथ म्हणाली. “तुझी पिल्लं अगदी आपल्या डीनसारखी आहेत.”

वेंडेल हसला नाही. त्याने शुक्रवारी घालतो तो चौकड्याचा शर्ट मंगळवारी घालून पाहिला. यंत्राची वायर बदलली. शुक्रवारी गावातल्या विजेचा जोर वाढतो का, हे विचारायला वीज कंपनीला फोन केला. पलीकडच्या माणसाने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “साहेब, ही तक्रार तुमची आहे की माशांची?”

विभागाची कारकून डोरीन वॉयचिक हिच्याकडे मात्र उत्तर तयार होते. डोरीन पोलिश घरातली, पक्की कॅथलिक; शुक्रवारी मांस वर्ज्य, मासे तेवढे चालतात, असा त्यांचा नेम. तिच्या हातची कॉफी पिऊनच आमची दोन पिढ्यांची संशोधने झाली.

“अरे पोरा, यात काय कोडं आहे? शुक्रवारी अर्धं गाव तळलेले मासे खातं. माणसं भीतीनं पांढरी पडतात, ही हिरवी पडतात.”

“बाई, ही पिल्लं एका दिवसाची आहेत. त्यांना कुणी सांगितलं?”

“आईनं सांगितलं असेल.”

आता कुणालाही वाटेल, की सुईवाल्या अंड्यांची एक बशी वेंडेलच्या टेबलावर ठेवून पाहिली असती तर त्याच दिवशी सोक्षमोक्ष लागला असता. पण आमच्याकडे कुणाचे टेबल म्हणजे त्याचे देवघर. दुसऱ्याच्या टेबलावर आपली बशी ठेवणे म्हणजे शेजारणीच्या चुलीवर न विचारता आपली भाजी चढवणे. मॅरिबेथ विचारणार नाही आणि वेंडेल देणार नाही. दोघांनी शास्त्रातले सगळे तपासले. टेबल तेवढे कुणाच्या ध्यानात आले नाही.

इकडे प्रोफेसर रविवारी चर्चनंतरच्या कॉफीच्या वेळी डीनना सहज बोलून गेले. डीननी ते गावच्या वर्तमानपत्राला सांगितले. वर्तमानपत्राने छापले, ‘आपल्या विद्यापीठात विजेच्या झटक्याने मासे उजळले’. मग डोरीनच्या फोनला उसंत मिळेना. एका आजोबांना विचारायचे होते, की गुडघ्याला असा झटका चालेल का. दुसऱ्या एका बाईला तळ्यातल्या माशांना रात्री चमकवून हवे होते, म्हणजे नवरा लवकर मासे धरून लवकर घरी येईल. टेनेसीहून शार्लीनच्या आईचाही फोन आला. जावयाचे नाव पेपरात आले हे ठीक, पण तो रोज विजेशी खेळतो हे तिला कुणी सांगितले नव्हते.

“सगळं छान आहे, आई,” शार्लीन म्हणाली. “आम्ही आता इथेच राहणार बहुतेक. वेंडेलनं मोठा शोध लावलाय.”

पलीकडच्या खुर्चीत वेंडेलने तोंडाशी नेलेला घास परत ताटलीत ठेवला.

शेवटी प्रोफेसरांनी डॉक्टर एस्टेल ब्रॅनिगनना बोलावले. गर्भात जनुक जागे कसे होते, या विषयात त्यांचा शब्द शेवटचा. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या या बाई, सत्तरीच्या, बारक्या, बोलायला खणखणीत.

“माझा यावर काडीचा विश्वास नाही,” त्या फोनवर म्हणाल्या. “पण बघते. कधी येऊ?”

“शुक्रवारी,” वेंडेल मागून घाईघाईने म्हणाला. “सर, काही झालं तरी शुक्रवारीच.”

दर शुक्रवारी आमच्या विभागात अंगतपंगत असे. प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायचा. पाहुण्या येणार म्हणून प्रोफेसरांनी त्या दिवशी ती रद्द करून हॉटेलात जेवण ठरवले. हे त्यांनी घरी सांगितले आणि सोल्वेगबाईंनी हातातले लाटणे खाली ठेवले.

“पाहुणीला हॉटेलात? आर्ने, माझे हात मोडलेत का?”

तेव्हा अंगतपंगत पुन्हा ठरली, आणि सोल्वेगबाईंनी आपला पदार्थ नेहमीच्या दुप्पट केला.

शुक्रवारी एस्टेलबाई आल्या त्या पातळ कोटात, हातमोज्यांशिवाय. गाडीपासून दारापर्यंत येईतो त्यांची बोटे जांभळी पडली. माशांच्या खोलीत पाऊल टाकताच त्यांनी “अहाहा!” केले. त्यांच्या भेटीतले ते पहिले शास्त्रीय निरीक्षण.

वेंडेलने बशी सरकवली. एस्टेलबाई सूक्ष्मदर्शकावर वाकल्या. मागे मॅरिबेथ, प्रोफेसर, डीन, आणि उगाचच आलेली डोरीन.

“हिरवी आहेत,” एस्टेलबाई म्हणाल्या.

“हो, बाई.”

“झाडून सगळी. आणि तू टाकीत घातलेली नाहीस.”

“नाही, बाई. देवाशपथ.”

“अरे, हे तर...” त्यांनी नीट बसून बघण्यासाठी दोन्ही गारठलेले तळवे टेबलावर टेकले, आणि बोलता बोलता थांबल्या. त्यांनी तळवे उचलले नाहीत. उलट पंजे फाकवून ऐसपैस पसरले, मांजर उन्हात पसरते तसे. चेहऱ्यावर तृप्ती आली. “टॉलेफ्सरुड, किती छान! तुमच्याकडे टेबलंसुद्धा शेकून ठेवतात?”



मॅरिबेथने आपल्या टेबलावर हात ठेवून पाहिला. मग वेंडेलच्या टेबलाशी आली आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या टेबलाला हात लावला. “वेंडेल,” ती हळूच म्हणाली, “हे तापलंय.”

याच वेळी प्रोफेसर टॉलेफ्सरुड दोन पावले मागे सरकले आणि टेबलाखालच्या कपाटाला पाठ लावून उभे राहिले. एवढा उंच, ताठ माणूस. पण फुलदाणी फोडलेले मूल तुकडे झाकायला जसे सतरंजीवर उभे राहते, तसे ते उभे होते.

“पंपाची मोटर आहे आत,” ते म्हणाले.

“पंप माझ्या बाजूला आहे,” मॅरिबेथ म्हणाली.

“मग... माशांचं खाद्य आहे.”

“खाद्य तापतं?” एस्टेलबाई उठल्या. “जरा सरका बघू.”

“डॉक्टर, आत पसारा आहे.”

“माझ्या घरी येऊन बघा पसारा. सरका.”

प्रोफेसर सरकले. एस्टेलबाईंनी दार उघडले. ऊन वाफेचा एक भपकारा बाहेर आला, आणि जायफळाचा असा घमघमाट सुटला, की माशांच्या खाद्याचा दर्पसुद्धा मागे हटला. खाद्याच्या पोत्यांच्या मधोमध एक भलेमोठे, विजेवर मंद शिजवायचे पातेले बसले होते. झाकण हलकेच थडथडत होते.

एस्टेलबाईंनी झाकण उचलले. आत खिम्याचे गोळे होते, सायीच्या दाट रश्शात बुडालेले.

“तुमचे मासे,” त्या म्हणाल्या, “फारच चांगलं खातात.”

मग प्रोफेसरांना तोंड उघडावेच लागले. जेवणाच्या खोलीत धड चालणारे प्लगचे बटण एकच, आणि त्यावर डोरीनच्या कॉफीचा वर्षानुवर्षांचा हक्क. दुसरे काही लावले की सगळ्या मजल्याचा फ्यूज उडायचा. सोल्वेगची तर सक्त ताकीद, की गोळे कढतच वाढायचे. तेव्हा दर शुक्रवारी सकाळी, कुणी यायच्या आत, ते पातेले या कपाटात आणून ठेवत आणि जेवणाच्या वेळी गुपचूप उचलून नेत. या खोलीत खाण्याचा कणही आणू नये, ही पाटी दारावर त्यांनीच लावलेली होती, त्यामुळे कुणाला सांगायची सोय नव्हती.

“सगळा हिवाळा?” डीननी विचारले.

“नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणापासून,” प्रोफेसर बुटांकडे बघत म्हणाले.

मॅरिबेथने एव्हाना आपली सुईवाली बशी वेंडेलच्या टेबलावर आणून ठेवली होती. या वेळी तिने विचारले नाही आणि त्यानेही अडवले नाही. सगळे तिथेच बसून राहिले. यथावकाश सुईची पिल्लेही हिरवी झाली. विजेच्या पिल्लांइतकीच, ना कमी ना जास्त.

“हे बघ, मुला,” एस्टेलबाई वेंडेलला म्हणाल्या, “वीज जनुक आत नेते, हे खरं आहे. चांगलं नेते. सगळी चमकली म्हणजे सगळ्यांत पोचलं. ते काम तुझं. पण जागं केलं ते या गोळ्यांनी.”

“म्हणजे बाई, सबंध हिवाळा मी खिम्याच्या गोळ्यांवर संशोधन करत होतो.”

“पुष्कळ लोक याहून वाईट गोष्टींवर आयुष्य काढतात,” एस्टेलबाई म्हणाल्या, आणि प्रोफेसरांच्या दंडाला धरून त्यांनी जेवणाची खोली कुठे आहे ते विचारले.

पातेले तिथे पोचण्याआधी बातमी पोचली होती. लोकांनी भट्टीत भाजलेले बटाट्याचे हॉटडिश घेतले, घेवड्याच्या शेंगा घेतल्या, थरथरणारी लिंबाची जेलीसुद्धा संपवली. पातेल्याच्या आसपास मात्र कुणी फिरकेना. एस्टेलबाईंनी दोन गोळे चाखले, “वाईट नाहीत” म्हणाल्या, आणि विमान गाठायला डीनबरोबर निघून गेल्या.

“अरे, सबंध हिवाळा तर मिटक्या मारून खाल्लेत!” प्रोफेसर म्हणाले.

“तेव्हा शेजारी माशांचं खाद्य आहे हे माहीत नव्हतं,” डोरीन म्हणाली. “मला जेलीच पुरे.”

“डोरीन, निदान एक.”

“शुक्रवार आहे. मी मांस खात नाही.”

“गेल्या शुक्रवारी तीनदा वाढून घेतलंस!”

“त्याबद्दल मी चर्चमध्ये बघून घेईन, तुम्ही काळजी करू नका.”

मॅरिबेथ आपली बशी धुवायची आहे म्हणून उठली. मग एकेक करून सगळ्यांनाच कामे आठवली. खोलीत तिघेच उरले: डोरीन सांडलेली कॉफी पुसत होती, प्रोफेसर पातेल्याकडे बघत होते, आणि कोपऱ्यात रिकामी ताटली घेऊन वेंडेल बसला होता. शार्लीनला काय सांगायचे, याची तो मनात जुळवाजुळव करत होता. कुठलेही वाक्य त्या बुटांपाशी येऊन थांबत होते. शेवटी त्याने सुस्कारा सोडला, उठला आणि ताटलीभर गोळे वाढून घेतले. शोध बुडाला म्हणून भूक काही बुडत नाही. आणि अन्न टाकायचे नाही, हे त्याला आजीने शिकवलेले.

प्रोफेसर खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसले.

“बरे झालेत ना?”

“उत्तम, सर.”

“सोल्वेग चार वाजता मला न्यायला येणार आहे.” ते जरा थांबले. “पातेलं घ्यायला ती स्वतः वर येते. झाकण उघडून बघते.”

“हो का, सर?”

“तिला काय सांगू? पाहुणीसाठी दुप्पट केलेत तिनं. उरले का विचारलं, की कपाटाचं सांगावं लागेल. आणि तिचे गोळे माशांच्या खाद्याशेजारी शिजत होते हे कळलं, तर ती मला...” त्यांनी वाक्य पुरे केले नाही. टेबलावर बोटे वाजवली. “वेंडेल, जूननंतर तुझं काय ठरलंय?”

“काय ठरणार, सर? वीज आणि सुई सारखीच निघाली. तुम्हीच म्हणाला होतात, मग दोन माणसं कशाला.”

प्रोफेसरांनी मान लांब करून पातेल्यात पाहिले. निम्म्याहून जास्त शिल्लक होते.

“मी घाईत बोललो असेन. आता हे सगळं पहिल्यापासून नीट करून बघावं लागेल. एक वर्ष तर सहज जाईल.”

वेंडेलने त्यांच्याकडे पाहिले. मग पातेल्याकडे पाहिले. आणि अदबीने उठून आणखी एक ताटली वाढून घेतली. ती त्याने सावकाश, मन लावून संपवली. काटा खाली ठेवला, तोंड पुसले.

“बस्स, सर. आता जागा नाही.”

प्रोफेसरांनी घड्याळाकडे पाहिले. दाराकडे पाहिले. खाली आवारात एक गाडी वळल्याचा आवाज आला.

“दोन वर्षं,” ते म्हणाले.

वेंडेलने पट्टा एक भोक सैल केला आणि पातेलेच आपल्याकडे ओढले.

“डोरीनबाई,” त्याने मऊ आवाजात हाक मारली, “पाव असेल का जरासा? रस्सा राहिलाय.”